सुजीची निळी खोली

वसमतला आमचं स्वतःचं घर झालं तेव्हा ते इतकं पांढरं होतं, की उन्हाळ्यातल्या दुपारी अंगणात उभं राहून त्याच्याकडं बघता यायचं नाही. दोन खोल्या, पुढं ओसरी, वर टिनं, मागं न्हाणी आणि बोरीचं एक झाड, एवढाच सगळा पसारा. गावाच्या कडेला नवी वस्ती पडली होती. बहुतेकांची घरं अजून उघड्या विटांची होती आणि त्यांच्यामधी आमचं घर धुतलेल्या धोतरासारखं उठून दिसायचं. वडलांना आम्ही दादा म्हणत असू. ते एस.टी.त कंडक्टर होते. वसमतच्या फाट्यावर गाडी वळली की खिडकीतून बोट दाखवून ते ड्रायव्हरला सांगायचे, "ते पांढरं दिसून राहिलं ना, ते आपलं घर." ड्रायव्हर दरवेळी नव्यानं ऐकल्यासारखं करून मान हलवायचे, असं दादाच हसत सांगायचे.

दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी दादा रजा टाकून घराला चुना देत. कळीचा चुना ड्रममधल्या पाण्यात टाकला की तो भातासारखा रटरट शिजायचा आणि आम्हा बहिणींना ओसरीवरून खाली उतरायची बंदी व्हायची. चुना निवला की दादा त्यात चिमूटभर नीळ घालत, म्हणजे पांढरा जास्त पांढरा दिसतो. मग केकताडाच्या तंतूंचा कुंचा बुडवून सपासप हात मारत. त्या दिवशी ते कुणाचं ऐकत नसत. ते लहान होते तेव्हा त्यांचे वडील गावातल्या मोठ्या घरांना लग्नसराईत चुना लावायला जात. दादा मागं बादली घेऊन. चुन्यानं बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या, पण यांचं स्वतःचं घर मातीचं, शेणानं सारवलेलं, आणि गावाबाहेरचं. आपल्या घराला एकदा तरी पांढरा हात लागावा असं आजोबांना वाटायचं. ते राहून गेलं. दादा हे फार वेळा बोलत नसत. पण कुंचा हातात असला की त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळं दिसायचं, आणि माय आम्हाला हळूच म्हणायची, "आता त्याहिला काही मागू नका, ते त्याहिच्या बापाशी बोलून राहिले."

या पांढऱ्या घरात माझी धाकटी बहीण सुजाता डोळे मिटून राहायची.

सुजी माझ्याहून दोन वर्षांनी लहान. ती जन्मली तेव्हा सुईण म्हणाली, "बाई, लेकरू तर कापसाच्या बोंडातून निघाल्यावानी हाय." केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. आम्ही सगळे सावळे, त्यामुळं माय तिला कडेवर घेऊन बाजारात गेली की लोक थांबून बघायचे. कोणी मेमसाब म्हणायचं, कोणी भुरी. एक-दोन बायांनी कोड असंल म्हणून आपली लेकरं बाजूला ओढली, ते मायनं आयुष्यभर लक्षात ठेवलं. सुजीच्या कातडीला ऊन सोसायचं नाही. शेंगा काढायला नेली तर संध्याकाळी दंड लालबुंद होऊन सोलायचे. पण खरी तकलीफ डोळ्यांची होती. उजेडात तिची बुबुळं झोका घेतल्यासारखी इकडून तिकडं हलायची, पाण्यानं भरायची, आणि मग ती मान खाली घालून हातानं कपाळावर आडोसा धरायची. दादांनी तिला नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस होता, त्यानं वेळ देऊन समजावलं. डोळ्यात उजेड अडवायला जो रंग लागतो तो हिच्या डोळ्यात फार थोडा आहे, म्हणून सगळा उजेड आत घुसतो. हे बरं होत नाही, पण वाढतही नाही. जाड भिंगाचा चष्मा दिला, उन्हात टोपी घालायला सांगितलं. घरी आल्यावर दादा मायला एवढंच म्हणाले, "वाढणार न्हाई म्हणतेत." त्या एका वाक्यावर माय बरेच दिवस जगली.

आमचं घर तसं आवाजानं भरलेलं असायचं. पहाटे दादांच्या तिकिटाच्या चिमट्याची टिकटिक. तो त्यांच्या बोटांचा चाळा होता. विचार करताना ते रिकाम्या हवेला भोकं पाडत बसायचे. मग माय भाकरी थापायची त्याचा थपथप आवाज, टिनांवर चालणाऱ्या कावळ्यांची खरखर. माय हळदीच्या दिवसांत आडतीवर जायची. शिजून वाळलेली हळद निवडायची, गोल गाठी एकीकडं, बोटांसारखी लांब हळकुंडं एकीकडं. संध्याकाळी ती परतायची तेव्हा तिचे हात, पदर, कानाच्या पाळ्या, सगळं पिवळं झालेलं असायचं. तसंच हात धुऊन ती पिठात कांदा-तीळ घालून धपाटे लावायची, आणि कितीही हात धुतले तरी ते धपाटे जरा जास्तच पिवळे होतात असं मी म्हणायची. सुजी हसायची. ती हसली की तिच्या पांढऱ्या पापण्या गालाला टेकायच्या. आता माझेही केस तिच्याइतकेच पांढरे झालेत आणि रिक्षावाले आम्हाला जुळ्या बहिणी समजतात, पण तेव्हा तिच्या शेजारून चालताना माझी दोरीसारखी काळी वेणी मलाच नकोशी वाटायची.

सुजी सातवी पास झाली त्या दिवशी हेडसरांनी दादांना थांबवून घेतलं. मी त्याच शाळेत नववी पास होऊन दहावीला जाणार होते, म्हणून मीही तिथं उभी होते. हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक, उंच, सावकाश बोलणारे. त्यांनी दादांना खुर्ची दिली, हे मला अजून आठवतं. म्हणाले, "पोरगी समजूतदार आहे. पण तिला फळ्यावरचं काही दिसत नाही, पुस्तक नाकाला लावावं लागतं, तेही दहा ओळींपलीकडं जात नाही. यंदा आम्ही सगळ्यांनी सांभाळून घेतलं. आठवीला बीजगणित आहे, भूमिती आहे. मोठ्या शहरात अंध मुलींची शाळा आहे, तिथंच राहायची सोय आहे. बोटांनी वाचायला शिकवतात. मी बोलून ठेवतो. शाळा उघडायच्या आत पोचवून या." त्यांच्या आवाजात खरी कळकळ होती. दादांनी हात जोडले.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा सुजी ओसरीच्या कडेला बसली होती. ती उठली आणि दादांसमोर येऊन उभी राहिली.

"मी आंधळी न्हाई, दादा."

"कोण म्हणतं तू आंधळी हायेस? पण तिथं तुला शिकता येईल, बाळा."

"मला दिसतंय. तुमच्या खाकी शर्टाचं वरचं बटन तुटलंय, ते दिसून राहिलंय मला."

दादांनी बटनाला हात लावला. बटन खरंच तुटलं होतं. पण दोन-तीन दिवसांत एक नवी पत्र्याची पेटी घरात आली, तिच्यावर गुलाबाची फुलं काढलेली. पेटी आल्यापासून सुजीनं बोलणं सोडलं. आतल्या खोलीत ज्वारीच्या कणगीमागं अंधारात बसून राहायची. जेवायला हाक मारली की यायची, ताटाकडं बघून खायची, परत जायची. बहीण घरात असून तिचा आवाज घरात नाही, हे मी त्याआधी कधी अनुभवलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसायची, शाळेतल्या गोष्टी सांगायची, आणि माझाच आवाज मला परका लागायचा.

मे महिना होता. मायनं एका सकाळी आपलं गडद निळं इरकल धुऊन ओसरीवर या खांबापासून त्या खांबापर्यंत वाळत घातलं. पूर्ण लांबीचं ओलं लुगडं, त्यातून पाणी ठिबकत होतं. दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले तर लुगड्याच्या आतल्या अंगाला सुजी बसलेली. चटणी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तेलकट तुकडा तिच्या हातात होता आणि ती तो वाचत होती. ओठ हलवत, न थांबता. कागद नाकापासून चांगला वीतभर लांब होता. मी पाय न वाजवता जवळ गेले. तिनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. तिचे डोळे पूर्ण उघडे होते. त्यांचा रंग राखाडी आहे, कडेला जरासा निळा आहे, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं एका ताटात जेवून मी माझ्या बहिणीचे डोळे कधी नीट बघितलेच नव्हते, कारण ते कधी नीट उघडलेच नव्हते.

"हितं गार वाटतंय," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य.

मी धावत आडतीवर जाऊन मायला घेऊन आले. माय पिवळ्या हातांनी तशीच आली, लुगड्याची कड वर उचलून आत वाकली आणि लेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. संध्याकाळी तिनं पुढच्या खोलीच्या भिंतींना खिळे ठोकले, ते इरकल आणि तिचं दुसरं काळपट निळं लुगडं चारी बाजूंनी ताणून लावलं, आणि सुजीला कणगीमागून उठवून तिथं बसवलं.

दादा ड्यूटीवरून आले आणि दारातच थबकले. "हे काय मांडलंय?"

"ऐकता का," माय म्हणाली, "ह्या खोलीला निळा रंग द्यायचा."

"आकाशी? आतून पांढरंच बरं दिसते."

"आकाशी न्हाई. ह्या लुगड्यावानी. गडद."

दादा हसले. "बैठकीच्या खोलीला? लोकं म्हणतील कंडक्टरानं घरात अंधार कोंडला."

"लोकं येतेत, कपभर चहा पितेत अन् जातेत. हे लेकरू दिवसभर ऱ्हाते इथं."

"आता किती दिवस राहणार हाय ती, सुजीची माय? शाळा उघडायच्या आत तिला पोचवायचं ना? मग रंगवायचं कोणासाठी?"

"तिच्यासाठीच. जाणार असंल तर जाईस्तोवर तरी डोळे उघडून ऱ्हाऊ द्या."

दादा चिमटा काढून टिकटिक करत बसले. मग म्हणाले, "माझ्या बापाला पांढरी भिंत मिळाली न्हाई. मी ती केली, अन् आता मीच ती काळी करू?"

माय पीठ मळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "तुमच्या बापानं नातीचे डोळे असे उघडे बघितले असते, तर त्याहिनं भिंतीला चिखलसुद्धा फासला असता. इचारा त्याहिला. तुमी तर बोलता ना त्याहिच्याशी."

टिकटिक थांबली. तेव्हा मला वाटलं आता भांडण होणार. पण दादा उठले, लुगड्याची कड बाजूला सारून मागच्या भिंतीवरून एकदा हात फिरवला, आणि हात धुवायला न्हाणीकडं गेले.

अलीकडं माझ्या सुनेनं हिंगोलीच्या घरातल्या हॉलची एक भिंत गडद निळी करून घेतली. तिच्यासमोर रंगांचं जाडजूड पुस्तक होतं, त्यात निळ्याच्याच कितीतरी चिठ्ठ्या आणि प्रत्येकीला लांबलचक इंग्रजी नाव. मोबाइलवर भिंतीचा फोटो काढून रंग आधीच लावून बघता येतो, तेही तिनं मला दाखवलं. आमच्या वेळी वसमतच्या दुकानात गडद निळा म्हणून एकच रंग मिळायचा, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना आणि लोखंडी दारांना लावायचा ऑइल पेंट. दुकानदारानं विचारलंसुद्धा, "ट्रॉली घेतली का, कंडक्टरसाहेब?" दादा डबा घेऊन आले. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दादांनी आणि मी समोरची एक भिंत रंगवली. त्या वासानं डोकं भणभणत होतं. शेजारचे येऊन डोकावून जात होते. एकानं ओसरीतून आवाज दिला, "विहार बांधून राहिले का घरातच?" दादा शिडीवरूनच म्हणाले, "विहारात सगळ्याहिला येता येतंय. या आत, बसा." तो बसला नाही, पण दादा स्वतःच्याच उत्तरावर खूश होऊन शीळ घालायला लागले. आपण हे स्वतःच्या मर्जीनं करतोय असं त्यांना त्या घटकेला पहिल्यांदा वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं आणि ऊन आत आलं. रंगवलेली भिंत तळ्यासारखी चमकली. दाराची, खिडकीची, अंगणाची, सगळ्यांची झळाळती प्रतिबिंबं त्या निळ्यावर उठली. सुजी खोलीत आली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून मागं फिरली. पांढऱ्या भिंतीपेक्षा हे वाईट होतं. मला रडू आलं. माय चुलीपासून उठून आली, दारात उभी राहिली आणि परत गेली. दादांनी डब्याचं झाकण ठोकून बंद केलं आणि ड्यूटीवर गेले. मला वाटलं, संपलं. पेटीत आता सुजीचे कपडे भरायचे.

संध्याकाळी दादा आले ते हातात पॉलिश पेपरची गुंडाळी घेऊन. गणवेश काढून खुंटीला टांगला, बनियनवर भिंतीपुढं बसले आणि घासायला लागले. खरर, खरर. निळी भुकटी त्यांच्या भुवयांवर, मिशीवर, दंडांवर बसली. चमक थोडी मेली, पण जिथं जास्त घासलं तिथं खालचा पांढरा चुना डोकावू लागला. भिंत खरूज झाल्यासारखी दिसायला लागली. दादा घामानं निथळत होते, तरी थांबत नव्हते. सुजी कधी येऊन त्यांच्यामागं बसली, कुणालाच कळलं नाही.

"दादा," ती म्हणाली, "फळ्याचा रंग आणा ना."

"काळा? निळ्याचं हे असं झालं, आता काळा पण?"

"काळ्यात हा निळा मिसळायचा. नवा रंगवलेला फळा चमकत न्हाई. वर्गात मी फळ्याकडंच बघत बसायची. त्याच्यावरचं काय दिसायचं न्हाई, पण डोळ्याला बरं वाटायचं."

दादांनी पॉलिश पेपर खाली ठेवला. तिच्याकडं बघत म्हणाले, "मग हे आधी काहून न्हाई सांगितलंस?"

"मला कोणी इचारलंच न्हाई, कोणता रंग पाहिजे म्हणून."

सुट्टीत शाळांचे फळे रंगवून घेतात, त्यामुळं मे महिन्यात दुकानात त्या रंगाचे डबे रचून ठेवलेले असायचे. दुसऱ्या दिवशी डबा आला. जुन्या पातेल्यात काठीनं घोटून दादांनी मिश्रण केलं आणि दारामागं तळहाताएवढा ठिपका लावला. सुजी म्हणाली, "काळं झालं." अजून निळा घातला. "आता चमकंल थोडं." परत थोडा काळा. असं करत करत एका ठिपक्यापाशी ती थांबली, त्याला गाल लावावा इतकी जवळ गेली आणि म्हणाली, "हा." दौतीच्या तळाला जी शाई उरते तिचा रंग. दादांनी चारी भिंती त्याच रंगानं रंगवल्या. मायनं बजावून सांगितलं होतं, दाराची चौकट, खिडकी, कोनाड्याची कड अन् बटणाची पाटी पांढरीच ठेवायची. खिडकीला तिनं लुगड्याचा पडदा शिवला. वाळल्यावर त्या खोलीत गेलं की झाडाखाली गेल्यासारखं वाटायचं. सुजी आत आली आणि सरळ चालत जाऊन तिनं दिव्याचं बटण दाबलं. आजवर ती भिंतीवर हात फिरवत ते शोधायची. माय माझ्याकडं बघायला लागली आणि मी मायकडं.

पुढचं झालं ते गमतीतून. माझ्याकडं खडूचा एक तुकडा होता. सुजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला पलंगावर बसली होती, आणि मी तिला चिडवायला समोरच्या भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरात लिहिलं, "सुजाता वेडी."

"तूच वेडी," पलंगावरून आवाज आला.

माझा हात तसाच राहिला. मी वळून पाहिलं. ती जागची हललीसुद्धा नव्हती.

"अजून लिही," ती म्हणाली.

मी लिहिलं. आमच्या चौघांची नावं लिहिली, गावांची नावं लिहिली, नरसी, औंढा, हिंगोली. अक्षरं हळूहळू लहान करत गेले. ती वाचत राहिली, आणि वितीएवढ्या अक्षरापर्यंत तिनं न अडखळता वाचलं. माय आतून ओरडत आली, "नवी भिंत खराब करून राहिल्या का गं रांडांनो!" आणि मग सुजी वाचतेय हे ऐकून ती दारातच बसली. मायला अक्षरओळख नव्हती. तिनं बोट दाखवून विचारलं, "ते काय हाय?" सुजी म्हणाली, "तुझं नाव." मायनं त्या नावाकडं बराच वेळ पाहिलं, आणि आमच्यावर ओरडायचं विसरून गेली.

त्यानंतर ती भिंत आमची शाळाच झाली. मी माझं आठवीचं जुनं पुस्तक काढलं. मी मोठ्यानं वाचायची, सुजी भिंतीवर लिहायची. त्रिकोण, वर्तुळं, समीकरणं, पार वर हात पोचेल तिथपर्यंत. ओल्या फडक्यानं पुसायची आणि परत लिहायची. सगळ्या घरभर खडूची भुकटी झाली, भाकरीत खडू लागतो म्हणून दादा कुरकुर करायचे. पण ड्यूटीवरून आले की हातपाय न धुता आधी त्या खोलीत डोकावून जायचे.

जूनच्या तोंडावर हेडसर नांदेडहून दादांच्याच गाडीनं आले. गाडी स्टँडला लागल्यावर दादांनी त्यांना म्हटलं, "सर, घर जवळ हाय. चहाला या." भर दुपारी दोघं आले. मायनं मुरमुरे भिजवून फोडणीचा सुशीला केला होता, वर शेंगदाणे आणि कोथिंबीर. हेडसर उन्हातून एकदम त्या खोलीत शिरले आणि त्यांना काहीच दिसेना. हात पुढं करून ते चाचपडायला लागले.

"सर, डाव्या हाताला खुर्ची हाय," सुजी पलंगावरून म्हणाली. "जपून, मधी पाट हाय."

हेडसर खुर्चीत बसले. चष्मा काढून पुसला, परत घातला. हळूहळू त्यांना भिंती दिसायला लागल्या, मग भिंतीवरचं दिसायला लागलं. "हे कोणी लिहिलं?" सुजी उठून भिंतीजवळ गेली. त्यांनी तिला एक उदाहरण घातलं, तिनं ते सोडवलं. दुसरं घातलं, त्यात ती चुकली, आणि पुसून परत केलं. मग त्यांनी विचारलं, हा कोन त्या कोनाएवढा कशावरून? ती सांगत गेली, आणि सांगताना त्यांच्या तोंडाकडं सरळ बघत होती. हेडसरांच्या हातातल्या बशीतला सुशीला गार झाला. दादा ओसरीत उभे होते, आत यायचा त्यांना धीर होत नव्हता.

हेडसर शेवटी म्हणाले, "मी हिला तीन वर्षं रोज पाहतोय. हिचे डोळे मी आज पाहिले." मग ओसरीकडं वळून दादांना म्हणाले, "पण शाळेच्या वर्गाला मी हा रंग देऊ शकत नाही हो."

दादा दारात आले. "रंग नका देऊ सर. कोपरा द्या. जिथं खिडकीचा उजेड पडत न्हाई असा एक कोपरा. अन् डोक्यावर टोपी राहू द्या तिच्या. अन् गुरुजींनी फळ्यावर लिवताना तोंडानं बोलावं फक्त. बाकीचं आमी घरी बघतो."

हेडसर उठले. सुजीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "टोपी पांढरी नको. निळी घाल."

सुजी दहावी झाली, बारावी झाली, मग डी.एड. करून नरसीजवळच्या एका गावात बाई झाली आणि निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली. काळा चष्मा मिळाला, पुढं अक्षर मोठं करणारा मोबाइल आला, तेव्हा ती म्हणाली, "आता तर काय, चैन हाय." तिच्या वर्गाच्या भिंती तिनं कधी आपल्या पगारातून, कधी गावकऱ्यांना कामाला लावून रंगवून घेतल्या. आमच्या घराला दादा बाहेरून शेवटपर्यंत चुना देत राहिले. गुलाबाच्या फुलांची पेटी मायनं आपल्या लुगड्यांना घेतली. हे सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पुष्कळदा रडारड झाली, एकदा ती नापासही झाली. पण ते दिवस आठवायला बसलं की मला त्या जूनमधला शाळेचा पहिला दिवस आधी आठवतो.

त्या दिवशी आम्ही दोघी एकत्र गेलो. मधल्या सुट्टीत माझा जीव राहिना. मी पळत आठवीच्या वर्गाकडं गेले आणि खिडकीतून डोकावले. ती कोपऱ्यात, निळी टोपी घालून, दोन मुलींच्या मध्ये बसून डबा खात होती. मी तिला हाक मारली, काय हवं-नको विचारलं, आणि परत आले. संध्याकाळी घरी पोचल्याबरोबर तिनं दप्तर पलंगावर आदळलं.

"तू मधल्या सुट्टीत काहून आलीस मला बघायला?"

"तुझ्यासाठीच आले ना! मला वाटलं..."

"काय वाटलं? मी काय बारकी हाय का? माझ्या मैतरणी हसल्या."

"येऊन बघितलं तर माझीच चूक? उद्यापासून एकटी जाय मग."

"जाईन! अन् माझ्या डब्यातली चटणी काहून तुझ्या डब्यात टाकून घेतलीस सकाळी?"

आमचा आवाज चढत गेला. एकमेकींची वेणी धरायची वेळ आली. पेटी आल्यापासून त्या घरात सुजीचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. एरवी आम्ही भांडलो की माय हातात लाटणं घेऊन यायची. मी तिच्या येण्याची वाट बघत दाराकडं पाहिलं. ती चुलीपुढं बसलेली दिसली, भाकर तव्यावर तशीच, एका बाजूनं करपायला लागलेली. आमचं भांडण ती कान देऊन ऐकत होती, आणि थांबवायला उठत नव्हती.